एकशे चाळीस सुरगाठी

१२ डिसेंबर, शुक्रवार. काम: सुताच्या एकशे चाळीस गाठी सोडवणे. हत्यार: डिसेक्शनच्या पेटीतली सुई आणि चिमटा. मुदत: चार वाजेपर्यंत.

पाऊण वाजता मी डबा खायला गेले तेव्हा त्या सुरगाठी होत्या. दीड वाजता हात धुऊन आले, तर त्यांच्या निरगाठी झालेल्या. सुरगाठ टोक ओढलं की सुटते. निरगाठीला नखं लागतात, नाहीतर दात. हा फरक परकराच्या नाडीने लहानपणीच शिकवून ठेवलेला असतो, त्यामुळे काय झालंय ते मला दारातूनच कळलं. कोणी केलंय तेही कळलं, कारण आमचे शिपाईमामा टेबलाशेजारी उभे होते आणि त्यांचा चेहरा शाबासकीची वाट बघत होता.

मी सोलापुरातल्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. पदाचं नाव प्रयोगशाळा सहाय्यक. कोणाला सहाय्य करते हे मला अजून समजलेलं नाही, कारण प्रयोगशाळेत माझ्याशिवाय कोणी येत नाही. मी बी.एस्सी. आहे, तेही प्राणिशास्त्र घेऊन. पण ही गोष्ट कॉलेजात फक्त माझ्या सेवापुस्तकाला माहीत आहे. मुलं प्रवेश आमच्याकडे घेतात आणि शिकायला क्लासला जातात. प्रात्यक्षिकाच्या वह्या मात्र वेळेवर येतात. सगळ्या एकाच अक्षरातल्या, सगळ्यांत कांद्याच्या सालीची आकृती तशीच डावीकडे कललेली.

आता क्लासवाल्यांनाच कॉलेजात आणायचं ठरत होतं. त्यांना वर्गासाठी मोठी खोली हवी होती, आणि सगळ्यात मोठी खोली माझी. प्रयोगशाळा गेली की मी अतिरिक्त ठरणार. अतिरिक्त झालेल्या माणसाला संस्था आपल्या करकंबच्या शाळेत पाठवते. करकंबवर माझा राग नाही. गाव मोठं आहे, बाजार चांगला भरतो, वांगी तर शुक्रवार पेठेत मिळतात त्यापेक्षा ताजी. पण रोज पहाटे निघून पंढरपूरला एस.टी. बदलून जायचं आणि दिवे लागल्यावर परत यायचं, तेही निवृत्तीला आठ वर्षं राहिली असताना, हे मला मान्य नव्हतं.

प्राचार्यांनी नोव्हेंबरात बोलावून सांगितलं, "बाई, अध्यक्षसाहेब बारा डिसेंबरला खोल्या बघायला येणार आहेत. त्यांना प्रयोगशाळेत काहीतरी चालू आहे असं दिसलं पाहिजे. मोठं काहीतरी करा. आवडलं तर खोली राहील."

"काय करू?"

"ते तुम्ही लोक ठरवा. समन्वयाने."

समन्वय हा प्राचार्यांचा आवडता शब्द आहे. तो उच्चारला की आपलं काम संपलं असं त्यांना वाटतं.

आम्ही लोक म्हणजे जीवशास्त्राचे सर, भौतिकशास्त्राचे सर, रसायनशास्त्राच्या मॅडम आणि चहा आणायला मी. विषय जीवशास्त्राच्या सरांनी काढला: पेशीचा सांगाडा. विषय चांगला होता, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगेन. पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आत तीन प्रकारचं सामान ताणून बसवलेलं असतं. पोकळ नळ्या असतात, त्या केंद्रकाजवळून निघून चहूकडे जातात. त्यांच्यावरून मालाची ने-आण होते, आणि त्यांची टोकं सारखी वाढत असतात, मोडत असतात. कडेला अगदी बारीक धाग्यांचं जाळं असतं. ते कड पुढे ढकलतं, मागची बाजू आवळतं. आणि तिसरे मध्यम तंतू. ते दोरासारखे पिळलेले, कितीही ओढा, लवकर तुटत नाहीत. पेशी पुढे सरकते, दाबली तरी फुटत नाही, वेळ आली की दुभंगते, ते या तिघांनी एकमेकांचं ऐकून केलेलं काम असतं. त्यांना जोडणारे छोटे दुवे असतात. ते धरतात आणि सोडतात. नळी मोडली, की तिला चिकटून बसलेला एक निरोप्या सुटा होतो आणि त्या बाजूचे धागे आवळले जातात. पेशीत प्राचार्य नसतो, तरी हे सगळं होतं.

सरांनी फळ्यावर हे सगळं काढलं, आणि मग तिघांनी काम वाटून घेतलं. नळ्या जीवशास्त्राच्या सरांच्या, धागे रसायनच्या मॅडमचे, मध्यम तंतू भौतिकच्या सरांचे. व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघाला. त्याचं नावच 'समन्वय'. तीन आठवडे त्यावर रोज सकाळी फुलं येत होती. प्राचार्य अंगठा दाखवत होते. माप काय धरायचं, हे कोणी कोणाला विचारलं नाही. मी एकदा विचारलं. त्यावरही अंगठा आला.

तीन तारखेला तिघांनी आपापला सांगाडा आणला. जीवशास्त्राच्या सरांनी घराच्या बांधकामातले उरलेले प्लंबिंगचे पाइप आणले होते. एकेक मनगटाएवढा जाड. मॅडमनी भरतकामाचा रेशमी दोरा आणला होता, गुलाबी. तो पाइपाशेजारी ठेवल्यावर दिसेना. भौतिकच्या सरांनी बैलाचा कासरा आणला होता. मध्यम तंतू म्हणजे जाडीने मधले, नळीपेक्षा बारीक आणि धाग्यापेक्षा जाड. त्यांनी सगळ्यात जाड आणला.

"ताण घेणार म्हणजे मजबूत पाहिजे," ते म्हणाले.

"पण मुख्य नळ्याच आहेत ना," जीवशास्त्राचे सर म्हणाले. "बाकी सगळं त्यांच्या आधाराने आहे."

"नळ्या काय, मोडतात सारख्या," मॅडम म्हणाल्या. "पेशी चालते ती धाग्यांमुळे. पुस्तकात आहे."

पाऊण तास ते तिघं पेशीत कोण मोठं, यावर भांडले. चहा मीच आणला. नंतर एकाची परीक्षेची ड्यूटी निघाली, एकीच्या घरी पाहुणे आले, आणि एकाच्या कमरेत उसण भरली. कासरा, पाइप आणि गुलाबी दोरा टेबलावर राहिले. खोली माझी जाणार होती, म्हणून टेबलही माझंच झालं.

मी नऊ दिवसांत ते पुन्हा केलं. जुन्या मच्छरदाणीची जाळी गोल ताणून पेशीची कड केली. मधे वाळू भरलेला स्टीलचा डबा ठेवला, ते केंद्रक. पाइपांच्या जागी एकातून एक सरकणाऱ्या पडद्याच्या दांड्या आल्या. कडेला टॉवेलचं बारीक सूत, ते मामांनी ओळखीच्या कारखान्यातून आणून दिलं. मध्यम तंतूंना सुतळी. आणि जिथे जिथे ही तिन्ही एकमेकांना भेटतात, तिथे सैल सुरगाठ. दांडी सरकली की गाठ तिच्यावरून सरकायची. ताण फार झाला की आपणहून सुटायची, म्हणजे काही फाटत नसे. एकशे चाळीस जागी मी त्या गाठी मारल्या, आणि प्रत्येक गाठ किती सैल ठेवायची ते तीन-तीनदा करून बघितलं. गुरुवारी संध्याकाळी एकीकडचं सूत ओढलं, तर जाळी पुढे आली, मागोमाग दांडी लांबली, सुतळी ताणली आणि डबा हळूच मागून सरकला. मी दार लावून घेतलं आणि ते सात वेळा करून बघितलं.

आणि शुक्रवारी दीड वाजता मामा म्हणाले, "म्याडम, लई कच्च्या होत्या की गाठी. हात लावला की सुटत होत्या. साहेबांसमोर सुटलं म्हंजे? म्हणून सगळ्या पक्क्या केल्या. टोकंबी कापली बघा, एकसारखी."

"मामा, त्या मुद्दाम कच्च्या होत्या."

"मुद्दाम कोण कच्चं काम करतंय व्हय?"

मामांची नोकरीआधीची बावीस वर्षं चादरीच्या मागावर गेली. घरात तेलुगू बोलतात, रागावले की अजून तेलुगूतच रागावतात. तुटलेली सुताची तार सांधायला त्यांना डोळे उघडे लागत नाहीत. सुटलं टोक म्हणजे माल परत, हे त्यांच्या बोटांना त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकशे चाळीस गाठी पाऊण तासात. मला नऊ दिवस लागले होते. त्यांना रागावण्यात वेळ घालवण्यापेक्षा मी सुई घेतली.

"बसा. निरगाठ सोडवायची आणि अशी सैल मारायची. टोक असंच लोंबकळू द्यायचं."

"असंच?"

"असंच."

त्यांनी बोटं पुढे केली आणि मागे घेतली. दुसऱ्या प्रयत्नात एक गाठ सैल मारली आणि नकळत ओढून घट्ट केली. पाचवीलाही तेच. त्या माणसाच्या हाताला सैल गाठ येतच नव्हती. शेवटी ते सोडवायला बसले आणि मी बांधायला. सोडवतानाही ते कण्हत होते, जणू मी त्यांना चादर उसवायला लावली होती.

वेळ चारची ठरली होती, आणि अध्यक्ष कधी वेळेवर येत नाहीत, या भरवशावर मी हिशेब केला होता. ते साडेतीनलाच आले, कारण साडेचारला त्यांना कुठल्याशा लग्नाला जायचं होतं. तोवर पेशीची उजवी बाजू मोकळी झाली होती. डावी तशीच, कडक.

मागून प्राचार्य, मागून तिन्ही शिक्षक. ज्याच्या कमरेत उसण होती तो सगळ्यात पुढे.

आमच्या अध्यक्षांचा टॉवेलचा कारखाना आहे. ते टेबलाजवळ आले, चष्मा लावला आणि सरळ डाव्या बाजूला गेले. एक गाठ अंगठ्याखाली घासून बघितली. दुसरी बघितली.

"वा! काय हात आहे! कोणाची गाठ ही?"

मामांनी मान खाली घातली.

"ही बाजू एक नंबर," अध्यक्ष म्हणाले. "ती उजवी तेवढी लोंबतेय. ती पण अशी करून घ्या."

"समन्वयाने करून घेतो," प्राचार्य म्हणाले.

"आमचं तेच चाललं होतं," जीवशास्त्राचे सर म्हणाले.

नऊ दिवसांत एकदाही न फिरकलेला माणूस माझी लोंबती टोकं माझ्यासमोर पक्की करायला निघाला होता. मी म्हटलं, "साहेब, दोन मिनिटं. ही बाजू ओढून दाखवते."

उजवीकडचं सूत ओढलं. जाळी पुढे आली, दांडी लांबली, सुतळीने ताण घेतला, डबा जरासा सरकला. मग मी तीच दांडी आत ढकलली, आणि तिला बांधलेल्या दोऱ्याने कडेचं सूत आवळून घेतलं. जाळी मागे आली. कालच्यासारखंच.

"आता ही एक नंबरची," मी म्हटलं आणि डावीकडचं सूत ओढलं.

काही सरकलं नाही. सूत कचकन ताणलं, दांडी वाकली, आणि गाठी एवढ्या पक्क्या होत्या की अख्खी पेशी डब्यासकट टेबलाच्या कडेला आली. डबा पडताना भौतिकच्या सरांनी झेलला. त्या प्रकल्पात वेळेवर झालेलं त्यांचं एवढं एकच काम.

अध्यक्ष गाठीकडे बघत राहिले. "पण सुटली नाही," ते म्हणाले. कौतुकानेच.

तेव्हा मला कळलं की या गावात हे प्रकरण पुस्तकातून सांगून उपयोग नाही. मी विचारलं, "साहेब, मागावर मागचा रूळ ताण्याचं उभं सूत सोडतच नाही असं झालं तर?"

"ताणा तुटेल."

"आणि सोडला, पण पुढचा रूळ गुंडाळतच नाही?"

"मग कापड सैल पडेल. दोन्ही जोडीने चाललं पाहिजे ना. एक सोडतो, एक ओढतो. ठोक्याला ठोका."

"मग पेशी म्हणजे चादर नव्हे, साहेब. माग आहे. चादर विणून झाली की तिची गाठ पक्की पाहिजे. चालत्या मागावर सगळं पक्कं बांधून ठेवलं तर काय होईल?"

ते हसले. पहिल्यांदाच उजव्या बाजूला गेले आणि एक लोंबतं टोक बोटाने ओढून बघितलं. गाठ सुटली. त्यांनी ती पुन्हा मारायचा प्रयत्न केला. घट्टच मारली. मामांनी माझ्याकडे बघितलं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण नऊ दिवस केलेलं सगळं दाखवून टाकायची हाव सुटली.

"अजून एक आहे. पेशी दुभंगते कशी ते बघा." जाळीच्या पोटाभोवती मी परकरात घालतात तशी नाडी घातली होती. "नळ्या दोन्हीकडे खेचतात, आणि मधे रेघ कुठे पडायची ते त्या सांगतात. मग कडेचे धागे तिथेच पट्ट्यासारखे जमतात आणि आवळतात." मी नाडी ओढली. पेशी मधोमध चिमटली. म्हणजे अगदी मधोमध नाही. डावी बाजू कडक असल्याने हलली नाही, चिमटा उजवीकडे पडला.

"एक भाग मोठा झाला," रसायनच्या मॅडम म्हणाल्या. चूक काढायला त्या आल्या होत्याच.

"जिथे नळ्या सांगतील तिथे," मी म्हटलं. "काही पेशींत असमानच होते वाटणी."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, मग खोली बघितली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"उत्तम," ते म्हणाले. "मग असंच करा. खोली मोठीच आहे. अर्धी बाईंना राहू द्या, अर्धी क्लासला द्या. मधून लाकडी पडदी घालून टाका. दोघांचंही काम होईल."

"पडदी कुठून घालायची, साहेब?" प्राचार्यांनी विचारलं.

"मधूनच की. उद्या सुतार पाठवतो दहाला. तुम्ही ठरवा आपसात." आणि तिघांकडे बघून, "छान केलंय तुम्ही मॉडेल. मिळून काम केलं की असं होतं."

तिघांनीही मिळून मान डोलावली. तेवढं एक त्यांनी एकाच वेळी केलं.

म्हणजे करकंब टळलं, पण अर्धी प्रयोगशाळा गेली, आणि ती कशी तोडायची हे साहेबांना नाडी ओढून मीच शिकवलं होतं. सगळे गेल्यावर मामा म्हणाले, "म्याडम, माझ्यामुळं झालं व्हय हे?"

"अर्धं तुमच्यामुळे, अर्धं माझ्यामुळे," मी म्हटलं. "उद्या सातला या. चुन्याची दोरी आणि हातोडी घेऊन."

ग्रुपवर संध्याकाळी प्राचार्यांनी विचारलं होतं: पडदीची जागा कोण निश्चित करणार? खाली तीन अंगठे होते. त्यावरून मी समजून घेतलं, की कोणीही नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता कुलूप उघडलं. आमच्या खोलीला तीन खिडक्या आहेत. सिंक एक, नळ दोन, गॅसची जोडणी एक, सूक्ष्मदर्शकांचं कपाट एक, आणि चालणारे प्लग तीन. चौथ्याला हात लावला की झटका बसतो. मोजमाप घ्यायला अर्धा तास लागला. मग मामांनी आणि मी कपाट ओढलं, दोनदा थांबून. ते उभं राहिलं तेव्हा त्याच्या या बाजूला सिंक, दोन्ही नळ, गॅस, दोन खिडक्या आणि तिन्ही चांगले प्लग होते. त्या बाजूला एक खिडकी, फळा आणि झटकेवाला प्लग. क्लासला बाकी काय लागतं? त्यांच्याकडे पंखा आहे.

या भिंतीला एक खिळा, त्या भिंतीला एक, मधे चुन्याची दोरी. मामांनी टोक हातात धरून विचारलं, "सैल मारू का म्याडम?"

"नाही. इथे निरगाठ मारा. टोकंबी कापा."

त्यांनी ती डोळे मिटून मारली. दहाला सुतार आला, दोरीकडे बघून म्हणाला, "हितंच ना?" आणि मी हो म्हणून चहा ठेवायला गॅसकडे वळले.